स्प्रेडशीटमध्ये सदिशाचा कोन : एटॅनचं उत्तर पुस्तकाशी का जुळत नाही?

तिरपी_रेघ

नमस्कार मंडळी. तीन बलांचं परिणामी बल काढायचं गणित एक्सेलमध्ये मांडलं आहे. कोन धन एक्स अक्षापासून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजलेले.

४० न्यूटन, ३० अंश
५० न्यूटन, १४० अंश
६० न्यूटन, २५० अंश

ए स्तंभात परिमाण, बी स्तंभात कोन. सी२ मध्ये =ए२*कॉस(रेडियन्स(बी२)) आणि डी२ मध्ये =ए२*साइन(रेडियन्स(बी२)), तेच खाली ओढलं. पाचव्या ओळीत बेरजा. एक्सची बेरीज -२४.१८ आली, वायची -४.२४. परिमाण २४.५५ न्यूटन, ते पुस्तकाशी जुळतं.

कोनासाठी =डिग्रीज(एटॅन(डी५/सी५)) लिहिलं तर ९.९५ येतं. पुस्तकात १८९.९५ आहे. दशांशापुढचे आकडे तंतोतंत तेच, म्हणजे गणित पूर्ण फसलेलं नाही, पण बरोबर १८० चा फरक कुठून आला? सूत्रात आपलं १८० मिळवून टाकावं तर दुसऱ्या उदाहरणात ते मिळवायची गरज पडत नाही.

(फंक्शनची नावं टंकायला सोपी म्हणून देवनागरीत लिहितोय, समजून घ्या. एटॅन म्हणजे टॅन इन्व्हर्स.)

शून्यबिंदू

दोन्ही घटक ऋण आहेत, म्हणजे बाण तिसऱ्या चरणात. एटॅनला ते कळत नाही. =डिग्रीज(एटॅन२(सी५, डी५)) करून बघा. भागाकार करायचा नाही, स्वल्पविराम द्यायचा.

तिरपी_रेघ

करून बघितलं. आता -१७०.०५ आलं! एक उत्तर चुकीचं होतं, आता दोन झाली.

घड्याळकाटा

दुसरं चुकीचं नाहीये. -१७०.०५ मध्ये ३६० मिळवा. एटॅन२ उत्तर देतं ते -१८० ते १८० च्या दरम्यान, एक्स अक्षाच्या वरच्या बाजूला धन, खालच्या बाजूला ऋण. पुस्तकाला ० ते ३६० हवंय. बाण तोच, मोजायची वाट वेगळी.

=मॉड(डिग्रीज(एटॅन२(सी५, डी५)), ३६०)

हे दिलंत की १८९.९५. मॉड म्हणजे भागाकाराची बाकी. स्प्रेडशीटचं मॉड भाजकाचं चिन्ह उचलतं, त्यामुळे ऋण कोन दिला तरी उत्तर ० ते ३६० मध्येच येतं. वेगळं इफ लावायची गरज नाही.

जुना_खडू

सूत्र मिळालं, पण एटॅन का फसतं हे एकदा नीट बघून घेऊ, नाहीतर पुढच्या गणिताला पुन्हा हाच धागा वर येईल.

टॅन म्हणजे वाय भागिले एक्स. आता हे चार बिंदू घ्या : (३, ४), (-३, ४), (-३, -४), (३, -४). चार चरणांत एकेक. खरे कोन अनुक्रमे ५३.१३, १२६.८७, २३३.१३ आणि ३०६.८७ अंश. भागाकार करा : १.३३, -१.३३, १.३३, -१.३३. चार बाणांचे दोनच भागाकार उरले. उणे भागिले उणे अधिक होतं आणि तिथेच माहिती गेली. एटॅनच्या हातात फक्त १.३३ पडतं. ते पहिल्या चरणातून आलं की तिसऱ्या, हे सांगायला त्याच्याकडे काहीही नाही. म्हणून ते ठरलेल्या पट्ट्यातलं, -९० ते ९० मधलं, उत्तर देऊन मोकळं होतं. बाण उजव्या अर्ध्यात असला तर ते बरोबर निघतं, डाव्या अर्ध्यात असला तर १८० ने चुकतं. तुमच्या 'दुसऱ्या उदाहरणात' एक्स धन असणार, बघा.

यात एक्सेलचा दोष नाही. टॅन दर १८० अंशांनी त्याच किमती पुन्हा घेतं, त्यामुळे त्याचा व्यस्त घ्यायचा तर कुठल्या तरी एका १८० च्या पट्ट्यात स्वतःला बांधून घ्यावंच लागतं. एटॅन२ ला दोन आकडे सुटे मिळतात, चिन्हांसकट. ते आधी चिन्हं बघतं आणि मग कोन ठरवतं. फोरट्रानच्या काळापासून हे फंक्शन वेगळं ठेवलंय ते याचसाठी.

तिरपी_रेघ

आता डोक्यात शिरलं. हो, दुसऱ्या उदाहरणात एक्स धनच आहे. पण मग एटॅन ठेवलंच कशाला?

जुना_खडू

कारण प्रत्येक कोन बाणाचा नसतो. उताराचा कोन घ्या : चढ १ मीटर, आडवं अंतर ८ मीटर, एटॅन(१/८) म्हणजे ७.१३ अंश, विषय संपला. तिथे चरण वगैरे काही नसतं. जिथे गुणोत्तर हाच मूळ आकडा आहे तिथे एटॅन, जिथे दोन घटक आहेत तिथे एटॅन२.

लंबरेषा

थांबा, मला वेगळंच उत्तर येतंय. मी दिवसभर पायथनमध्ये असतो, सवयीने एटॅन२ ला वाय आधी दिला, म्हणजे एटॅन२(डी५, सी५). मॉड लावून २६०.०५ आलं. हे काय नवीन?

शून्यबिंदू

एक्सेलमध्ये एक्स आधी, वाय नंतर. पायथन, सी, जावास्क्रिप्ट सगळीकडे वाय आधी.

लंबरेषा

आणि गूगल शीट्स?

शून्यबिंदू

तिथेही एक्स आधी. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही तसंच. स्प्रेडशीटवाल्यांची ही जुनीच रीत आहे, लोटस १-२-३ मध्येही एक्सच आधी होता. भाषांमध्ये वाय आधी, कारण 'वाय भागिले एक्स' असं बोलताना वाय आधी येतो. दोन्हींना आपापलं तर्कशास्त्र आहे, मधल्यामध्ये आपण सँडविच.

जुना_खडू

या अदलाबदलीचा त्रास असा की कुठलीही एरर येत नाही. आकडा येतो आणि तो दिसायलाही साजरा असतो. पकडायची खूण सांगतो : अदलाबदल झाली की उत्तर ९० वजा खरा कोन असं येतं. इथे ९० - १८९.९५ = -९९.९५, म्हणजेच २६०.०५. दोन्ही उत्तरांची बेरीज ९० किंवा ४५० आली की समजायचं, एक्स-वाय उलटे पडलेत.

आणखी सोपं म्हणजे शीटच्या कोपऱ्यात एक चाचणी ठेवा. एक्स ०, वाय १ द्या. गणिती पद्धतीने ९० यायला हवं. ० आलं तर क्रम उलटा. चाचणीला (१, १) कधीच घेऊ नका, तिथे दोन्ही क्रमांनी ४५ च येतं आणि सगळं आलबेल वाटतं.

पाटीपेन्सिल

मला एटॅन२ चं एवढं कौतुक कळत नाही. मी वर्षानुवर्षं मुलांना हे शिकवते :

=डिग्रीज(एटॅन(डी५/सी५) + इफ(सी५<०, पाय(), ०))

एक्स ऋण असेल तर १८० मिळवा. बास. यात मुलाला चरण कळावा लागतो, आकृती काढावी लागते. एटॅन२ मध्ये तो दोन आकडे फेकतो आणि उत्तर उचलतो. उद्या परीक्षेत स्प्रेडशीट नसते.

शून्यबिंदू

एक्स शून्य असला की तुमचं सूत्र #डिव्ह/०! देणार. सरळ वर जाणारा बाण, एकदम साधा बाण, आणि नेमकं तिथेच कोसळणार.

पाटीपेन्सिल

त्यासाठी आणखी एक इफ लावायचं.

घड्याळकाटा

म्हणजे इफमध्ये इफ, त्यात पुन्हा वाय धन की ऋण ते बघायचं. एवढं सगळं लिहून झालं की तुम्ही एटॅन२ च हाताने बांधलेलं असेल.

जुना_खडू

दोघंही बरोबर आहात. आकृती आधी, हे पाटीपेन्सिल यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. कुठल्याही सूत्राचं उत्तर बघण्याआधी बाण कुठल्या चरणात पडेल याचा अंदाज कागदावर हवा. पण शीट एकदा बनते आणि त्यात पाचशे ओळी ओतल्या जातात, तिथे एटॅन२ च हवं.

शून्याबद्दल एक गंमत. शून्य भागाकार दरवेळी एरर देईलच असं नाही, आणि न देणं जास्त वाईट. एका रिकाम्या सेलमध्ये =कॉस(रेडियन्स(२७०)) लिहा. गणिताने शून्य, पण एक्सेल दाखवतं -१.८४ई-१६, म्हणजे दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग काहीतरी. पाय पूर्ण अचूक साठवताच येत नाही, म्हणून हा गाळ राहतो. आता सरळ खाली जाणारा बाण घ्या. वाय -१, एक्स हा ऋण गाळ. उणे भागिले उणे, अवाढव्य धन आकडा, आणि एटॅन सांगतं ९० अंश. बाण खाली चाललाय आणि शीट म्हणते सरळ वर! एटॅन२ तिथे -९० च देतं.

पाटीपेन्सिल यांच्या सूत्रात याच उदाहरणात १८० मिळवले जाऊन २७० येतात, म्हणजे ते इथे टिकतं, हेही नोंदवून ठेवतो.

पाटीपेन्सिल

नोंदवल्याबद्दल आभार. :) कॉसचा तो आकडा आत्ता करून बघितला. वर्गात दाखवायला छान आहे.

अर्धविराम

वाचतोय. माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. दोन्ही घटक शून्य असले तर?

शून्यबिंदू

एक्सेलमध्ये एटॅन२(०, ०) दिलं की #डिव्ह/०! येतं. पायथन ० देतं. मला एक्सेलचं वागणं जास्त पटतं. लांबीच नाही तर दिशा कसली?

घड्याळकाटा

पण खडूंनी वर सांगितलेला गाळ इथेही आड येतो. समतोलातली तीन बलं घ्या, तिन्ही सारखी, १२० अंशांवर. बेरीज शून्य यायला हवी, येते कुठल्यातरी सोळाव्या दशांश स्थळावर अडकलेली. एटॅन२ इमानेइतबारे त्याचाही कोन काढून देतं, १३५ म्हणा, २१० म्हणा, काहीही. तो आकडा निव्वळ कचरा असतो. म्हणून आधी परिमाण तपासायचं. परिमाण ई५ मध्ये आहे असं धरून :

=इफ(ई५<०.०००००१, "दिशा नाही", मॉड(डिग्रीज(एटॅन२(सी५, डी५)), ३६०))

मर्यादा तुमच्या आकड्यांच्या मापाने ठरवा.

त्याच गाळाचा आणखी एक उपद्व्याप. खरा कोन ० असताना वायमध्ये ऋण गाळ असेल तर मॉड ३६० देतं, ० नाही. कारण ३६० मधून इतका बारीक आकडा वजा केला तरी ३६० च उरतो. यादी लहान-मोठी लावताना ती ओळ थेट तळाशी जाऊन बसते. उपाय : आधी राउंड, मग मॉड.

=मॉड(राउंड(डिग्रीज(एटॅन२(सी५, डी५)), ६), ३६०)

राउंड बाहेर लावलं तर उपयोग नाही, ३६० चं ३६० च राहतं.

दिगंश

उशिरा आलो. सर्वेवाल्यांची बाजू राहिलीच की! आमच्याकडे कोन उत्तरेपासून, घड्याळाच्या दिशेने, त्यालाच दिगंश म्हणतात. तेव्हा वर चाललेली सगळी सूत्रं आमच्या कामाला जशीच्या तशी लावू नका.

गंमत म्हणजे वर ज्या अदलाबदलीला चूक म्हटलंय तीच आमची बरोबर पद्धत. उत्तरेकडचा फरक पहिला, पूर्वेकडचा फरक दुसरा :

=मॉड(डिग्रीज(एटॅन२(उत्तर_फरक, पूर्व_फरक)), ३६०)

अदलाबदलीत ९० वजा कोन येतो असं खडूंनी लिहिलंय ना, ते ९० वजा म्हणजेच शून्यरेषा पूर्वेकडून उत्तरेकडे नेणं आणि फिरायची दिशा उलटी करणं. दोन्ही कामं एका फटक्यात.

उदाहरण घ्या. पहिल्या खुंटापासून दुसरा खुंट १२० मीटर पश्चिमेला आणि ५० मीटर उत्तरेला. पूर्व_फरक -१२०, उत्तर_फरक ५०. अंतर १३० मीटर, दिगंश २९२.६२ अंश. वायव्य, आणि पश्चिमेकडे जास्त झुकलेला, नजरेलाही पटतं. हेच गणिती पद्धतीने काढलं तर १५७.३८. दोन्ही एकाच रेषेचे कोन आहेत. नकाशावर १५७ लिहून पाठवलंत तर माणूस आग्नेयेला चालू लागेल.

फरक काढताना 'दुसरा वजा पहिला' हा क्रम मोडू नका. मोडला की मागचा दिगंश मिळतो, १८० ने फिरलेला. आणि तो चुकलाय हे एटॅन२ ला कळायचा काही मार्ग नाही.

तिरपी_रेघ

हे भारी आहे. अंश-कला कसं दाखवता? २९२.६२ असंच लिहिता का?

दिगंश

नाही. कोनाला २४ ने भागायचं आणि सेलला [एच]:एमएम हे वेळेचं फॉरमॅट द्यायचं. एक्सेल त्याला तास-मिनिटं समजतं, आपण अंश-कला समजायच्या. २९२:३७ दिसतं. चौकोनी कंस विसरू नका, नाहीतर २४ च्या पुढचे 'तास' नवा दिवस समजून गिळले जातात. पुढच्या आकडेमोडीला मात्र मूळ दशांशातला सेलच वापरा, हा फक्त दाखवायला.

वाराफिरे

दिगंश यांच्या पुढचं पाऊल आमचं. हवामानात वाऱ्याची दिशा म्हणजे वारा *कुठून* येतोय ती. पश्चिमी वारा पूर्वेकडे जातो. डेटात यू म्हणजे पूर्वेकडचा वेग, व्ही म्हणजे उत्तरेकडचा. मग उत्तरेपासूनचा कोन घ्यायचा आणि बाण उलटा करायचा :

=मॉड(डिग्रीज(एटॅन२(-व्ही, -यू)), ३६०)

तपासा : यू ५, व्ही ०, म्हणजे वारा पूर्वेकडे चाललाय. एटॅन२(०, -५) म्हणजे -९०, मॉडनंतर २७०. पश्चिमेकडून. बरोबर. शेवटी १८० मिळवूनही हेच येतं, पण उणे आतच दिलं की मॉड एकदाच लागतं.

खरा घोळ सरासरीत असतो. तीन नोंदी घ्या : ३५०, १०, २०. तिन्ही वारे उत्तरेच्या आसपासचे. ॲव्हरेज लावा, १२६.६७ येतं. आग्नेय! एकही वारा तिकडून आलेला नाही. कोनांची सरळ सरासरी काढायची नसते, प्रत्येकाचा एकक बाण करून बेरीज करायची आणि बेरजेचा कोन घ्यायचा :

=मॉड(डिग्रीज(एटॅन२(समप्रॉडक्ट(कॉस(रेडियन्स(बी२:बी४))), समप्रॉडक्ट(साइन(रेडियन्स(बी२:बी४))))), ३६०)

उत्तर ६.७ अंश. इथे कॉस पहिलं, साइन दुसरं, आणि कोन उत्तरेपासूनचे असले तरी चालतं, कारण जे आत गेलं त्याच मापात बाहेर येतं.

अर्धविराम

मधल्या काही ओळी रिकाम्या असतील तर?

वाराफिरे

चांगलं विचारलंत, हे फार छुपं आहे. रिकामा सेल या सूत्रात ० धरला जातो, आणि ० म्हणजे उत्तर. यंत्र बंद होतं तेवढे तास शीटमध्ये उत्तरेकडचा वारा वाहतो. दोन्ही समप्रॉडक्टमध्ये (बी२:बी४<>"") ने गुणून टाका :

समप्रॉडक्ट((बी२:बी४<>"")*कॉस(रेडियन्स(बी२:बी४)))

याच कारणाने शांत हवेची नोंद ० आणि उत्तरेकडच्या वाऱ्याची ३६० अशी ठेवायची पद्धत आहे. म्हणजे आमच्याकडे घड्याळकाटा यांचं ० विरुद्ध ३६० उलटं करावं लागतं. शेवटी ० आलं आणि वेग शून्य नसला तर ३६० लिहायचं.

लंबरेषा

दोन बाणांमधला कोन कसा काढता सगळे? मी दोघांचे एटॅन२ काढून वजाबाकी करत होतो, पण ३५० आणि १० मध्ये पुन्हा ३४० येतं. मग एकॉसवर, म्हणजे कॉस इन्व्हर्सवर गेलो. डॉट गुणाकार भागिले दोन्ही परिमाणं. बहुतेक वेळा चालतं, अधूनमधून #नम! येतं.

जुना_खडू

#नम! येतं ते समांतर बाणांना. भागाकार १ यायच्या ऐवजी १ च्या किंचित वर जातो आणि एकॉसला १ च्या वरचं काही चालत नाही. मिन लावून १ वर दाबता येतं, पण मग दुसरं दुखणं : अगदी लहान कोनाला कॉस इतका १ ला चिकटलेला असतो की फरक साठवलाच जात नाही. रेडियनच्या एक अब्जांशाएवढा कोन एकॉसला शून्यच दिसतो.

इथेही एटॅन२ च घ्या. पहिला बाण ए२, बी२ मध्ये, दुसरा सी२, डी२ मध्ये :

=डिग्रीज(एटॅन२(ए२*सी२+बी२*डी२, ए२*डी२-बी२*सी२))

पहिली जागा डॉट गुणाकाराची, दुसरी क्रॉस गुणाकाराची. डॉटमध्ये कॉस आहे, क्रॉसमध्ये साइन, आणि दोन्हींना परिमाणांचा तोच गुणाकार चिकटलेला असल्यामुळे भागायची गरजच राहत नाही.

(३, १) आणि (२, ४) घेऊन करा. डॉट ६ + ४ = १०, क्रॉस १२ - २ = १०. कोन ४५. हातानेही होतं. शिवाय चिन्ह मिळतं : धन आलं तर पहिल्यापासून दुसऱ्याकडे घड्याळाच्या उलट वळायचं, ऋण आलं तर घड्याळाच्या दिशेने. एकॉस ते कधीच सांगत नाही.

लंबरेषा

हे थेट उचलतो. त्रिमितीत?

जुना_खडू

तिथे क्रॉस गुणाकार स्वतःच बाण असतो, म्हणून त्याची लांबी दुसऱ्या जागी. चिन्ह जातं, ० ते १८० उरतं. आणि बाण जमिनीपासून किती वर उचललाय ते हवं असेल तर एटॅन२(एसक्यूआरटी(एक्स^२+वाय^२), झेड). यात पहिला आकडा कधीच ऋण नसतो, त्यामुळे उत्तर आपोआप -९० ते ९० मध्ये राहतं.

अर्धविराम

मी गेम बनवतो, तिथे पडद्यावर वाय खाली वाढतो. तिथलं काय?

शून्यबिंदू

वायचं चिन्ह बदलून द्या : एटॅन२(एक्स, -वाय). न बदलता दिलंत तर कोन घड्याळाच्या दिशेने मोजला जातो. ते चालणार असेल तर तसंच ठेवा, फक्त सगळीकडे एकच ठेवा.

घड्याळकाटा

अवांतर : मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी. व्हीबीएमध्ये स्वतःचं एटीएन आहे, ते एकाच आकड्याचं, म्हणजे साधं एटॅन. दोन आकड्यांचं हवं तर वर्कशीटफंक्शनमधून एटॅन२ बोलवावं लागतं आणि तिथेही एक्स आधी. व्हीबीएचं मॉड मात्र शीटच्या मॉडसारखं नाही. ते आधी आकडे पूर्णांकात बसवतं आणि चिन्ह भाज्याचं ठेवतं. -१७०.०५ मॉड ३६० दिलंत तर हातात -१७० येतं. तिथे 'शून्यापेक्षा लहान असेल तर ३६० मिळव' असंच लिहा.

शून्यबिंदू

अवांतरात माझीही भर : =आयएमआर्ग्युमेंट(कॉम्प्लेक्स(सी५, डी५)). संमिश्र संख्येचा कोन, रेडियनमध्ये. एटॅन२ च आहे, वेष पालटून. परिमाणाला आयएमएबीएस. क्रमाचा गोंधळ होत असेल तर हा एक पर्याय, कारण वास्तव भाग आधी हे कुणी विसरत नाही. पण पाचशे ओळींच्या शीटमध्ये वाचायला वैताग येतो.

तिरपी_रेघ

सगळ्यांचे आभार, एका प्रश्नात बराच माल मिळाला. शीट आता अशी आहे : परिमाणाची तपासणी, मग राउंड, मग मॉड. शेवटी उलट तपासणी म्हणून ई५*कॉस(रेडियन्स(एफ५)) चा स्तंभ लावलाय, एफ५ मध्ये अंतिम कोन. -२४.१८ परत आलं. दुसऱ्या उदाहरणालाही तेच सूत्र लावलं, काही न बदलता जुळलं.

एकच राहिलं. पाटीपेन्सिल म्हणाल्या तसं परीक्षेत शीट नसणार. माझ्या कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्सचंच बटण आहे, ते ९.९५ च देतं.

पाटीपेन्सिल

कॅल्क्युलेटर नीट बघा. बऱ्याच सायंटिफिक मॉडेलवर शिफ्टखाली 'पोल' असतं. कोनाचं माप अंशावर आहे ना ते आधी तपासा. मग पोल, कंस, -२४.१८, स्वल्पविराम, -४.२४. पहिलं उत्तर २४.५५, दुसरं -१७०.०५. एक्स आधी, तुमच्या शीटसारखंच. पुस्तकाचं उत्तर हवं असेल तर त्यात ३६० मिळवा.

पोल नसेल तर टॅन इन्व्हर्सचं ९.९५ घ्या, आकृतीत तिसरा चरण दिसतोच आहे, १८० मिळवा. आणि आकृती उत्तरपत्रिकेतच काढा, कच्च्या कागदावर नको.